गोव्याला नाही, गोम्याला

पोरगा कुठं असतो म्हणून कुणी विचारलं की माय सांगायची, "गोम्याला." ऐकणारा गोवा ऐकायचा. किनवटच्या आमच्या गल्लीत दोन वर्षं बहुतेकांचा समज होता, की मी गोव्यात एखाद्या हॉटेलात कामाला आहे. मायनं सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं. गोवा म्हटलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हा फायदा तिच्या लक्षात आला असावा.

गोमा कांगोच्या पार पूर्व टोकाला आहे. एका अंगाला रवांडाची सीमा, एका अंगाला किवू सरोवर आणि डोक्यावर १५-२० किलोमीटरवर न्यिरागोंगो नावाचा जिवंत ज्वालामुखी. राजधानी किन्शासा तिथून दीड हजार किलोमीटर, आणि दोन्हींना जोडणारा सलग रस्ता नाही. म्हणून आम्ही रवांडातूनच शिरायचो. मुंबईहून विमानं बदलत किगालीला उतरायचं, तीन-चार तास डोंगरातली वळणं घ्यायची आणि गिसेनी गावाच्या टोकाला पासपोर्टवर शिक्का मारून पायी पलीकडे जायचं. एका बाजूला डांबरी रस्ता आणि कापलेलं गवत, दुसऱ्या बाजूला काळी धूळ. शंभर पावलांत देश बदलतो.

मी तिथे २०१९ च्या सप्टेंबरात पोचलो आणि २०२१ च्या अखेरीस परतलो. काम पाण्याचं. एका परदेशी मदत संस्थेनं मला घेतलं ते माझ्या पदवीमुळे नव्हे, लातूरमुळे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. त्या काळात मी लातुरात कंत्राटावर टँकरचा हिशेब ठेवत होतो. कोणत्या प्रभागात कोणता टँकर किती वाजता गेला, क्लोरीनच्या ओटी टेस्टला पाणी पिवळं आलं का, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं पोतं ओलं तर झालं नाही ना, एवढंच माझं ज्ञान. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "संतापलेल्या रांगेसमोर तुम्ही कधी उभे राहिला आहात का?" मी म्हणालो, त्याशिवाय दुसरं काहीच केलेलं नाही.

*

जोखमीच्या शहरात राहणं म्हणजे काय, हे सांगायचं तर आधी आमच्या बंगल्याचं वर्णन करावं लागेल. सरोवराच्या बाजूला गोऱ्यांची, संयुक्त राष्ट्रांच्या लोकांची आणि आमच्यासारख्या संस्थांची वस्ती. भिंती लाव्ह्याच्या काळ्या दगडाच्या, वर काटेरी तार, पत्र्याचं मोठं फाटक, दिवस-रात्र पहारेकरी. आत हिरवळ, जनरेटर, पाण्याची टाकी. रात्री ठरलेल्या वेळेआधी घरात. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, मोटारसायकलच्या टॅक्सीवर कधीच बसायचं नाही, गाडीच्या काचा वर. रोज संध्याकाळी वायरलेसवर आपलं सांकेतिक नाव सांगून आपण जिवंत असल्याची हजेरी द्यायची. दाराशी एक पाठीवरची पिशवी कायम भरलेली: पासपोर्ट, रोख डॉलर, औषधं, चार्जर, दोन दिवसांचे कपडे. माझ्या पिशवीत मायनं दिलेला लसणाच्या चटणीचा डबाही होता. सुरक्षा अधिकाऱ्यानं तो उघडून वास घेतला आणि काही न बोलता परत ठेवला.

डॉलरचीही गंमत. बाजारात डॉलर सर्रास चालतो, पण नोटेला कोपऱ्यात टाचणीएवढी चीर असली तरी भाजीवाली परत देते. आपल्याकडे फाटकी नोट खपवणं ही एक कला आहे. तिथे माझी ती कला वाया गेली.

भाजीवालीकडे लेंगा-लेंगा नावाची पालेभाजी मिळायची. पहिल्यांदा जुडी हातात घेतली आणि हसू आलं, हा तर आपला माठ. लसूण-मिरचीची फोडणी दिली की डोळे मिटून किनवटला जाता यायचं. ज्वारीचं पीठ मात्र मिळालं नाही. सरोवरातली सांबाझा नावाची बोटभर मासळी कढईत कुरकुरीत तळून रस्त्यावर विकतात. नियमानं आम्हाला ती खायला बंदी होती. सगळेच खायचे.

हवा विषुववृत्ताच्या अगदी जवळची, तरी थंड. गाव दीड हजार मीटर उंचीवर. मे महिन्यात माय फोनवर म्हणायची, "इथं ऊन लई तापायलं," आणि मी स्वेटर घालून बसलेलो असायचो. रात्री ढग खाली आले की ज्वालामुखीच्या तोंडातल्या लाव्ह्याचा उजेड त्यांच्यावर पडून आकाशाचा एक तुकडा तांबडा दिसायचा. पहिल्या रात्री झोप लागली नाही. महिनाभरानं तो तुकडा दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

*

आता थोडं गोकुंद्याविषयी. किनवटला चिकटून असलेलं हे गाव. तिथे रेल्वे स्टेशनच्या वाटेवर माझ्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. माझं लहानपण साहेब लोकांचे कप विसळण्यात गेलं. किनवटला बदली म्हणजे शिक्षा, असं ते साहेब आमच्याच बाकावर बसून एकमेकांना सांगायचे. सागाचं जंगल, गोंड-कोलाम-आंध-बंजाऱ्यांची वस्ती, पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला की तुटणारी गावं, आणि त्या काळी नक्षलवाद्यांची भीती. मुलांना चांगली शाळा नाही म्हणून कुटुंब नांदेडला. साहेब अप-डाऊन करायचे. सोमवारी गाडीला उतरायचे, शुक्रवारी गाडीला चढायचे. आदिवासी भागात काम करतात म्हणून सरकार त्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देतं. देऊ नये असं मी म्हणत नाही. पण कप विसळताना एक प्रश्न पडायचा: इथे राहणं एवढं अवघड आहे, तर वडिलांना भत्ता का नाही?

गोम्यात माझ्या पगारपत्रकावर हार्डशिप भत्ता नावाची ओळ होती. दर सहा-आठ आठवड्यांनी सक्तीची रजा, देशाबाहेर जाऊन डोकं शांत करून यायला. संयुक्त राष्ट्रांमध्ये तर ठिकाणांची ए पासून ई पर्यंत यादीच असते, ई म्हणजे सगळ्यात कठीण. आमच्या गाडीचा ड्रायव्हर आणि पंपावरचा तंत्रज्ञ गोम्याचेच. त्यांच्या पगारपत्रकावर ती ओळ नव्हती. कारण ते 'घरीच' होते. पहिल्या पगाराच्या दिवशी मला हे कळलं. मी गोकुंद्याच्या बाकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो होतो आणि चहा दुसराच कुणी देत होता.

हे टोचतं म्हणून मी भत्ता परत केला का? नाही. त्यातूनच किनवटच्या घरावर स्लॅब पडला.

*

सीमेवरच्या माणसाला सीमेवरचं गाव लवकर समजतं. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि किनवट, राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मराठी मुलखात आलं. आमच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, गोंडी, गोरमाटी, दखनी एकाच तराजूवर चालतात, दवाखान्याला लोक आदिलाबाद गाठतात, आणि त्यावरून कुणी कुणाचा गळा धरत नाही. गोमा आणि गिसेनी यांच्यामधली रेघ १९१० साली बेल्जियम, जर्मनी आणि ब्रिटन यांनी ब्रसेल्समध्ये बसून नक्की केली. किन्यारवांडा बोलणारी माणसं दोन्ही बाजूंना राहिली. पुढे 'तू इथला की तिथला' हा प्रश्न तिथे बंदुकीनं विचारला जाऊ लागला. १९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर जुलैत काही दिवसांत सुमारे दहा लाख माणसं गोम्याच्या बाजूला लोटली. लाव्ह्याच्या दगडात ना संडासाचा खड्डा खणता येईना, ना थडग्याचा. पटकीनं काही आठवड्यांत पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली असं मानलं जातं. तेव्हापासूनच्या लढायांचा हिशेब एका लेखात मावणारा नाही. डझनावारी सशस्त्र गट, त्यांच्या पाठीशी शेजारी देश, जमिनीत सोनं आणि आपल्या मोबाइलमध्ये जाणारं कोल्टन, एवढं सांगून पुढे जातो.

पटकी मात्र गेलेली नाही. माझं काम तिच्याशीच होतं. गोम्यात पाऊस भरपूर, पण लाव्ह्याच्या सच्छिद्र खडकात पाणी थांबत नाही. झिरपून सरोवरात जातं. नळ थोड्यांकडे. बाकीचे पहाटेपासून वीस लिटरचे पिवळे कॅन घेऊन सरोवरावर. काठावर आमचं टेबल. टेबलामागे एक पोरगी सिरिंज घेऊन उभी. प्रत्येक कॅनमध्ये क्लोरीनचं मोजलेलं द्रावण सोडायचं, कॅन हलवायचा, अर्धा तास थांबायला सांगायचं. थांबत कुणी नाही. लातुरात ओटी टाकली की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं, तिथे गोळी टाकली की गुलाबी. रंग सोडला तर फरक नाही. रांगेतली भांडणंही तीच, आधी माझा कॅन होता, नाही माझा होता.

ते पाणी दिसायला निळंशार, आणि त्यात मगर नाही की पाणघोडा नाही. पण या सरोवराच्या तळाशी, चारशेहून अधिक मीटर खोल, सुमारे ६० घनकिलोमीटर मिथेन आणि ३०० घनकिलोमीटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे. वरच्या पाण्याच्या दाबानं तो खाली राहतो. कॅमेरूनमधलं न्योस नावाचं लहानसं सरोवर १९८६ च्या ऑगस्टात असंच उलथलं आणि एका रात्रीत सुमारे १७०० माणसं झोपेत गुदमरली. किवू त्याच्या कितीतरी पट मोठं आणि काठावर लाखोंची वस्ती. रवांडानं आपल्या बाजूला तोच मिथेन उपसून २६ मेगावॅटचं वीज केंद्र चालवलं आहे. गोम्याच्या आसपासच्या खोलगट जागांत जमिनीतून वायू वर येऊन साचतो, त्याला तिथे माझुकु म्हणतात. सकाळी खड्ड्यात शेळी मेलेली दिसली की आया पोरांना त्या बाजूला जाऊ देत नाहीत. मला हे ऐकताना किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आठवायचं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात कातडीचे रोग बरे व्हावेत म्हणून लोक उतरतात. लहानपणी मी त्यात पाय सोडून बसायचो. जमिनीच्या पोटात ऊब आहे एवढंच तेव्हा कळलं होतं.

*

२२ फेब्रुवारी २०२१ ला इटलीचे राजदूत लुका अतानासिओ यांच्यावर गोम्याच्या उत्तरेला किबुम्बाजवळ हल्ला झाला. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या गाड्यांमधून ते चालले होते. ते गेले, त्यांचा अंगरक्षक वित्तोरिओ याकोवाच्ची गेला आणि ड्रायव्हर मुस्तफा मिलाम्बो गेला. आमचं त्या रस्त्यावरचं जाणं-येणं थांबलं, सुरक्षेची बैठक झाली, दोन मिनिटं उभे राहिलो. बैठकीत राजदूतांचं नाव घेतलं गेलं, अंगरक्षकाचंही. तिसऱ्याला 'ड्रायव्हर' म्हटलं. मागच्या भिंतीला टेकून आमचा ड्रायव्हर उभा होता. संध्याकाळी गाडीत बसल्यावर त्यानं फक्त नाव सांगितलं, "मुस्तफा मिलाम्बो." मी आमच्या ड्रायव्हरचं नाव इथे लिहीत नाही, कारण तो अजून तिथेच आहे.

तीन महिन्यांनी, २२ मे, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला आकाशाचा नेहमीचा तुकडा नेहमीपेक्षा मोठा दिसू लागला. आधी कुणी मानेना. ज्वालामुखीवर लक्ष ठेवणाऱ्या गोम्यातल्या वेधशाळेकडे निधी संपल्यानं कित्येक महिने इंटरनेटसुद्धा धड नव्हतं, हे नंतर जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं. तेव्हा कळण्याचं साधन एकच, रस्ता. डोक्यावर गादी, पाठीला मूल, हातात पिवळा कॅन घेऊन हजारो माणसं रवांडाच्या फाटकाकडे निघाली होती. माल वाहायच्या लाकडी चुकुडूंवर म्हाताऱ्या आज्या बसवलेल्या. २००२ साली लाव्हा भर शहरातून वाहत जाऊन सरोवरात पडला होता, विमानतळाच्या धावपट्टीचा एक भाग गिळला होता; ज्यांनी ते पाहिलं ते वाट पाहत बसणारे नव्हते. या वेळी लाव्हा बुहेने भागात, विमानतळापासून काहीशे मीटरवर थांबला. तीसहून अधिक माणसं गेली.

मग भूकंप सुरू झाले. दिवसभरात कितीतरी. भिंतींना, डांबरी रस्त्यांना भेगा. लातुरात माझे घरमालक १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कधी आतून कडी लावून झोपले नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात हसायचो. गोम्यात पाच रात्री मी अंगणात गाडीत झोपलो, दार उघडं ठेवून.

मायचा फोन आला. "तिथं डोंगर पेटला म्हणं?"

"लांब आहे, माय."

"गोव्यात डोंगर हाय का रे?" हे तिनं मुद्दाम विचारलं. शेजारीण बसलेली असावी.

२७ मे च्या पहाटे लष्करी राज्यपालांनी हुकूम काढला, शहराच्या १८ पैकी १० वस्त्या रिकाम्या करा. लाव्हा जमिनीखालून सरोवराच्या दिशेला सरकतोय, स्फोट होऊ शकतो. सुमारे चार लाख माणसं निघाली. आमच्या संस्थेची यादी तयार होती: कोण कोणत्या गाडीत, कोणती गाडी कोणत्या फाटकाकडे. यादीत परदेशी कर्मचारी. मी यादीत होतो, किनवटचा मी. पंपावरचा तंत्रज्ञ यादीत नव्हता, कारण शहराबाहेर न्यायची जबाबदारी बाहेरून आणलेल्यांचीच, असा करार. ड्रायव्हरनं आम्हाला सीमेवर सोडलं, गाडी फिरवली आणि आपल्या बायकोमुलांना घ्यायला गेला. तंत्रज्ञ चार पोरांना घेऊन पंचवीस किलोमीटरवरच्या साकेला चालत गेला. मी गिसेनीत हॉटेलच्या खोलीत बातम्या पाहत बसलो. चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला, की मी परत आलोय, पंप चालू आहे, क्लोरीन संपत आलंय.

तो पंप चालू असणं किती मोलाचं होतं हे सांगायला हवं. लाव्ह्यानं जलवाहिन्या आणि एक साठवण टाकी गिळली होती; पाच लाखांच्या आसपास लोकांचं पाणी तुटलं होतं. आम्ही परतलो आणि पुढचे कित्येक आठवडे टँकर, रबरी टाक्या, नळांची रांग. लातूरचा उन्हाळा पुन्हा, फक्त ज्वालामुखीच्या पायथ्याशी.

*

गोम्यात आपली माणसं नाहीत असं कुणी समजू नये. औषधांची, मोबाइलची, किराण्याची दुकानं चालवणारे गुजराती आणि दाक्षिणात्य दोन्ही भेटतात. स्वाहिलीत आपल्याला मुहिंदी म्हणतात. भारतीय लष्कर तर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून कांगोत पहिल्यांदा गेलं ते १९६० मध्ये. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीरचक्र मिळालं ते १९६१ मधल्या तिथल्या लढाईतल्या हौतात्म्याबद्दल. पुढे तिन्ही दलांचे प्रमुख झालेले बिपिन रावत यांनी २००८-०९ मध्ये गोम्यातूनच शांतिसेनेच्या उत्तर किवू प्रांतातल्या ब्रिगेडचं नेतृत्व केलं. आपल्या लष्कराचं रुग्णालयही गोम्यात. एका दिवाळीला छावणीत फराळाला गेलो. एका शीख जवानानं गाव विचारलं. किनवट त्याला ठाऊक नव्हतं. नांदेड म्हणताच त्यानं हातातली प्लेट खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "हजूर साहिब!" त्यानंतर मला लाडू कमी पडले नाहीत.

पण शांतिसेनेच्या निळ्या टोपीवरचा राग मी रस्त्यात पाहिला आहे. वीस वर्षं फौज आहे, तरी आमची गावं जळतात, मग तुम्ही कशाला, हा लोकांचा सवाल. मला तो खोटा वाटला नाही. जुलै २०२२ मध्ये गोम्यातली शांतिसेनेची ठाणी लुटली गेली, आणि २६ तारखेला उत्तर किवूतल्याच बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे हेड कॉन्स्टेबल शिशुपाल सिंह आणि सांवलाराम विश्नोई मारले गेले. दोघेही राजस्थानचे. सवाल खरा होता म्हणून ते मरण रास्त ठरत नाही.

मी गेलो तेव्हाचं गोमा आता नाही. २७ जानेवारी २०२५ ला एम-२३ या बंडखोर संघटनेनं शहर घेतलं. त्या लढाईत सुमारे २९०० माणसं मेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. वीज गेली, पाणी गेलं, इंटरनेट गेलं, विमानतळ बंद पडला, बँकांची दारं लागली. सरकारच्या बाजूनं लढायला आणलेले सुमारे २८० रोमानियन भाडोत्री सैनिक हात वर करून त्याच गिसेनीच्या फाटकातून बाहेर पडले आणि विमानानं घरी गेले. कांगोत सुमारे २५ हजार भारतीय, त्यातले हजारेक गोम्यात, आणि बहुतेक सुरक्षित जागी हललेत, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं तेव्हा सांगितलं. किन्शासातल्या दूतावासानं किवूच्याच काठच्या बुकावू शहरातल्या भारतीयांसाठी सूचना काढली: ताबडतोब निघा, कागदपत्रं, औषधं, कपडे, तयार अन्न, पाणी जवळ ठेवा. माझ्या दाराशी असलेल्या पिशवीचीच ती यादी.

मी तेव्हा नांदेडला. तीन दिवस फोन लावत होतो. चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा आवाज आला, फुटका, थांबत थांबत. घर शाबूत होतं. तंत्रज्ञ पंपावर होता. वीज नसल्यानं लोक पुन्हा सरोवरावर, थेट काठावरून कॅन भरत होते. मी विचारलं, काही पाठवू का. तो म्हणाला, कसं पाठवशील, बँक कुठं आहे. मग त्यानंच विचारलं, "मामा कशी आहे?" माझ्या मायला तो दोन वर्षं व्हिडिओवर पाहत आला होता.

किनवटचे साहेब अजून शुक्रवारी गाडीला बसतात. वडिलांचं हॉटेल आता दुसरा कुणी चालवतो. आता आमच्या भागातल्या पोरांनाही आखाताच्या पलीकडच्या नोकऱ्या खुणावतात. पगार चांगला, जागा जोखमीची. तुमच्या घरातलं कुणी निघालं असेल तर अडवू नका. तिथल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवायला सांगा, पासपोर्टची प्रत घरी ठेवून घ्या, डॉलरच्या नोटा कोऱ्या द्या. आणि पहिल्या फोनवर त्याच्या ड्रायव्हरचं नाव विचारा.